घरच्या घरीं चित्रतबकडी

तबकडी हा शब्द आपल्या घरांत ग्रामोफोनबरोबर आला. परंतु तबकडीच्या इतिहासांत आरंभापासूनच एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. टॉमस एडिसननें १८७७ सालीं जें ध्वनियंत्र तयार केलें, त्याच्या नळकांड्यावर आवाज उमटवितां येत असे आणि तोच पुन्हां ऐकतांही येत असे. म्हणजे ज्याच्या घरीं यंत्र, तो बोलणाराही होता आणि ऐकणाराही होता. पुढें दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनरची सपाट तबकडी आली. एका ठशावरून तिच्या हजारों प्रती छापून काढतां येऊं लागल्या. त्यामुळें ती स्वस्त झाली, जगभर गेली आणि नळकांडें मागें पडलें. मात्र या सौद्यांत घरच्या माणसाचा बोलण्याचा अधिकार गेला. तबकडीनें कारखान्यांत जन्मावें आणि घरीं नुसतें फिरावें, असा रिवाज पडला, आणि किरकोळ अपवाद सोडल्यास तो शंभर वर्षें चालला.

ध्वनीच्या बाबतींत हा रिवाज १९८८ सालीं जपानमध्यें मोडला. तायो युदेन या कंपनीनें लिहितां येण्याजोगी सीडी त्या वर्षीं तयार केली. चालत्या चित्रांच्या बाबतींत तो मोडावयास आणखी तेरा वर्षें लागलीं. तो कसा मोडला, त्यामुळें सामान्य कुटुंबाच्या हातीं काय आलें, आणि जें आलें तें आज कोणत्या अवस्थेंत आहे, हें श्रोतेहो, आज आपल्यापुढें मांडावयाचें योजिलें आहे.

डीव्हीडीचा जन्म भांडणांतून झाला. एका बाजूस सोनी व फिलिप्स, दुसऱ्या बाजूस तोशिबा, टाइम वॉर्नर व त्यांचे सोबती, अशा दोन फळ्या पडल्या होत्या, आणि दोघांच्या तबकड्या एकमेकींच्या यंत्रांत चालणाऱ्या नव्हत्या. चित्रफितींच्या बाबतींत असेंच दुहीचें युद्ध पूर्वीं होऊन गेलें होतें व त्यांत ग्राहकांचें पुष्कळ नुकसान झालें होतें. तेव्हां संगणक बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं ठणकावून सांगितलें कीं, तबकडी एकच हवी. १९९५ च्या अखेरीस तडजोड झाली. १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानमध्यें आणि १९९७ च्या मार्चपासून अमेरिकेंत डीव्हीडीचीं यंत्रें विकावयास आलीं. तबकडी दिसावयास सीडीसारखीच, १२ सेंटिमीटर व्यासाची; परंतु ती ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पापुद्र्यांची जोडलेली असते. सीडींतील ओळींमध्यें १.६ मायक्रोमीटर अंतर असतें, हिच्यांत तें ०.७४ वर आणलें. एका बाजूच्या एका थरावरची ही नागमोडी ओळ उलगडून सरळ केली, तर ती सुमारें पावणेबारा किलोमीटर लांब भरेल. तिच्यावर ४७० कोटी अक्षरें मावतात. संगणकाच्या भाषेंत त्यांना बाइट म्हणतात.

हा आंकडा मोठा वाटतो खरा. परंतु चालतीं चित्रें किती खादाड असतात, हें पाहिलें म्हणजे तो अगदींच तोकडा ठरतो. आपल्या देशांतील दूरचित्रवाणीच्या पद्धतींत सेकंदाला २५ चित्रें दाखवितात. प्रत्येक चित्रांत आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. हीं चित्रें जशींच्या तशीं नोंदलीं, तर सगळी तबकडी पावणेचार मिनिटांतच भरून जावी! तेव्हां कांहीं तरी युक्ति करणें भाग होतें, आणि ती युक्ति किराणा दुकानदाराच्या वहीसारखी आहे. दुकानदार रोज सगळा माल पुन्हां मोजीत बसत नाहीं. एकदां शिल्लक मांडतो, आणि पुढें फक्त काय आलें व काय गेलें एवढेंच टिपतो. एमपेग-२ नांवाच्या पद्धतींत दर बारा-पंधरा चित्रांमागें एक चित्र पुरतें लिहिलें जातें. मधल्या चित्रांत काय हललें, काय बदललें, एवढीच नोंद होते. भटजींच्या मागची भिंत जर हललीच नाहीं, तर ती पुन्हां कशाला काढावयाची? या हिशेबीपणामुळें त्याच तबकडीवर दोन तासांचा चित्रपट मावूं लागला. मात्र हा हिशेब मांडावयाचें काम अतिशय कष्टाचें होतें, आणि आरंभीं तें महागड्या खास यंत्रांवांचून होत नसे.

नुसतीं चित्रें लहान करून भागत नसे. संकलन म्हणजे कापणें आणि जोडणें. त्यानंतर डीव्हीडीला आणखी एक संस्कार लागतो, आणि त्याला मी बांधणी म्हणतों. छापील फॉर्म हातीं आल्यावर पुस्तक बांधणारा त्यांना शिवतो, मुखपृष्ठ लावतो; छापणारा अनुक्रमणिका जोडतो. तसें इथें चित्रपटाचे अध्याय पाडावयाचे, पहिल्या पानावर निवडीची यादी मांडावयाची, कोणतें बटण दाबलें असतां कोठें जावयाचें तें ठरवावयाचें, आणि हें सारें ‘व्हिडिओ टीएस’ या एका ठराविक नांवाच्या फोल्डरांत ठराविक रीतीनें रचावयाचें. त्यांत चित्र-ध्वनीच्या व्हीओबी फाइली असतात. अनुक्रमणिका सांगणाऱ्या आयएफओ फाइली असतात. आणि त्या बिघडल्या तर हाताशीं असाव्यात म्हणून त्यांचीच हुबेहूब नक्कल बीयूपी या नांवानें ठेवलेली असते. ज्यानें हा नियम घातला, त्याला दस्तऐवजांचा अनुभव असला पाहिजे, असें माझ्या मनांत नेहमीं येतें.

बांधणीचें हें काम करणारें सुरवातीच्या काळांतलें एक नामांकित सॉफ्टवेअर म्हणजे ‘सिनॅरिस्ट’. तें ज्या जपानी घराण्यांतून आलें, तें डाइकिन. होय, वातानुकूलन यंत्रें बनविणारी ओसाकाची डाइकिन कंपनी! थंड हवेच्या व्यापाऱ्यानें चित्रतबकड्यांच्या धंद्यांतही आपला जम बसविला होता. हा विभाग पुढें २००१ सालीं सॉनिक सोल्यूशन्स या अमेरिकन कंपनीनें घेतला. तबकडीवर लिहिणारें पहिलें यंत्र पायोनियर कंपनीनें १९९७ सालीं काढलें. त्याची किंमत सुमारें १७,००० डॉलर होती, आणि त्याच्या तबकडींत ३९५ कोटी बाइटच मावत. असलें यंत्र चित्रपट-कंपनीनें घ्यावें, गृहस्थानें नव्हे.

आतां दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे गृहस्थाकडे वळूं. त्याच्याजवळ व्हिडिओ कॅमेरा आलेला होता, परंतु संकलनाची सोय नव्हती. एका व्हीसीआरमध्यें मूळ फीत लावावयाची, दुसऱ्यांत कोरी, आणि हवा तो भाग येतांच दोन्ही बटणें एकदम दाबावयाचीं, ही रीत होती. मालेगांवच्या नासिर शेख यांनीं आपल्या आरंभीच्या चित्रपटांचें संकलन अशाच दोन व्हीसीआरच्या बळावर केलें. त्यांच्या चित्रनिर्मितीवर फैजा अहमद खान यांनीं पुढें ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ हा माहितीपटही काढला. या रीतींत हिकमत होती, परंतु एक खोड मोठी होती. प्रतीची प्रत केली कीं चित्र फिकें होई; तिसऱ्या-चौथ्या प्रतींत नवरीच्या शालूचा रंग ओळखतां येत नसे. १९९५ सालीं डीव्ही नांवाची अंकीय फीत आली, आणि एका तारेनें कॅमेरा सरळ संगणकास जोडण्याची सोय झाली. आंकड्यांची नक्कल कितीदांही केली तरी आंकडे फिके होत नाहींत. ‘प्रीमिअर’ हें संकलनाचें सॉफ्टवेअर १९९१ पासून होतेंच. परंतु घरच्या माणसाला झेपेल असें ‘आयमूव्ही’ १९९९ सालीं ॲपलनें काढलें, आणि ‘मूव्ही मेकर’ मायक्रोसॉफ्टनें २००० सालीं आपल्या विंडोजबरोबर दिलें. कात्री हातीं आली. परंतु कापलेलें पाहुण्यांना दाखवावयाचें कसें? तासाभराच्या डीव्ही चित्रणाला संगणकांत सुमारें १,३०० कोटी बाइट जागा लागे. तेवढें घेऊन कोणाच्या घरीं जाणार!

९ जानेवारी २००१ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्स यांनीं जो संगणक पुढें आणला, त्यानें हा प्रश्न सोडविला. त्यांत पायोनियरनें बनविलेलें, सीडी व डीव्हीडी दोन्ही वाचणारें व लिहिणारें यंत्र बसविलेलें होतें. त्याच्यासमवेत ‘आयडीव्हीडी’ हें बांधणीचें सॉफ्टवेअर होतें. आदल्याच वर्षीं ॲपलनें आस्टार्टे या जर्मन कंपनीचा डीव्हीडी-बांधणीचा विभाग विकत घेतला होता. सगळ्या साधनाची किंमत ३,४९९ डॉलर, आणि कोरी तबकडी सुमारें १० डॉलरला एक. आज हे आंकडे भारी वाटतात. चार वर्षांपूर्वींच्या १७,००० शीं ताडून पाहावे म्हणजे त्यांचा अर्थ कळेल. तासाभराच्या चित्राचा तो दुकानदारी हिशेब मांडावयास साध्या संगणकाला पंचवीस तास लागत. तें काम दोन तासांवर आणल्याचा कंपनीचा दावा होता. पहिल्या आवृत्तींत साठ मिनिटांपलीकडे चित्रपट घेतला जात नसे.

चित्रपट-कंपन्यांनीं या बाबतींत आपली तटबंदीही करून ठेवली होती. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकडीवर कुलुपाची किल्ली ज्या जागीं कोरलेली असते, ती जागा घरगुती कोऱ्या तबकडींत आधींच भरून टाकलेली असे. म्हणजे तुम्हीं स्वतःचा चित्रपट खुशाल बांधा, दुसऱ्याच्या चित्रपटाची हुबेहूब नक्कल मात्र करूं नका. पुढें तें कुलूपही उघडलें गेलें, परंतु ती कथा निराळी.

पाहतां पाहतां हें काम साध्या विंडोज संगणकावर उतरलें. तैवानच्या यूलीडचीं सॉफ्टवेअरें आलीं. जर्मनीचें ‘नीरो’ घरोघर पोंचलें. या नांवांत एक कोटी आहे. रोम जळत असतां सारंगी वाजविणाऱ्या नीरो बादशहाची आख्यायिका आणि संगणकांतल्या ‘रॉम’ला जाळणें, म्हणजे लिहिणें, यांची ही सांगड. त्याच्या चिन्हांत पेटलेलें कलोसियम दाखविलेलें असे. इतिहासाच्या अभ्यासकाला यावर हंसूं आल्यावांचून राहत नाहीं, कारण रोमची आग इसवी सन ६४ मधली, नीरो मेला ६८ मध्यें, आणि कलोसियमचें बांधकाम त्यानंतर सुरू झालें. असो. आपल्याकडे मात्र ‘जाळणें’ हा शब्द फारसा रुजला नाहीं. लोक ‘सीडी राइट करणें’ असेंच म्हणत, आणि माझ्या मतें तेंच अधिक बरोबर होतें.

जाळण्याचा अनुभव मात्र सर्वांना आला. लेसर किरण एकदां ओळ लिहावयास लागला कीं, त्याला थांबतां येत नसे. संगणकाकडून आंकडे येण्यास क्षणभर खंड पडला तर तबकडी फुकट जाई. सान्यो कंपनीनें २००० सालीं यावर उपाय काढला. लिहितां लिहितां थांबून पुन्हां त्याच जागीं सुरू करतां येऊं लागलें. परंतु महाराष्ट्रांत २००५ च्या सुमारास भारनियमनाचे दिवस होते, आणि वीजच गेली तर कोणत्याही उपायाचा उपयोग नव्हता. शहाणा छायाचित्रकार आधीं वीज जाण्याची वेळ पाही आणि मग तबकडी लिहावयास लावी.

भारतांत डीव्हीडीच्या आधीं व्हिडिओ सीडीचें राज्य होतें. तिच्यांत जेमतेम ७४ मिनिटें मावत, आणि चित्र ओबडधोबड दिसे. परंतु ती स्वस्त होती. मग नोएडाच्या मोझर बेअरनें कोऱ्या तबकड्यांच्या उत्पादनांत जगांतल्या पहिल्या कांहीं कंपन्यांत नांव मिळविलें, आणि २००७ सालीं चित्रपटांची डीव्हीडी ३४ रुपयांस विकून बाजारांत खळबळ उडविली. तालुक्याच्या गांवींही लग्नाचा व्हिडिओ घेणारा फीत न देतां डीव्हीडी देऊं लागला. येथें पुन्हां तो हिशेब आडवा येतो, आणि तो प्रत्यक्ष मांडून पाहण्यासारखा आहे. ४७० कोटी बाइट एका तासावर पसरले, तर प्रत्येक सेकंदाच्या वांट्याला एक कोटीहून थोडे अधिक बिट येतात. ही जवळजवळ डीव्हीडीच्या नियमांतली कमाल मर्यादाच. दोन तासांवर पसरले तर ५२ लाख, तीन तासांवर पसरले तर ३५ लाखांच्या आंत. परंतु वरपक्षाला हळद हवी, सीमांतपूजन हवें, पंगतींतला प्रत्येक पाहुणा हवा. आणि दुसऱ्या तबकडीचे पैसे कोण देणार! तेव्हां सगळें एकींत कोंबलें जाई. अक्षतांचा वर्षाव होतो तेव्हां पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हलतो, वहीवाल्याला दम निघत नाहीं, आणि नेमका त्याच क्षणीं वधूवरांचे चेहरे चौकोनी ठिगळांचे होतात. जुनी लग्नाची डीव्हीडी लावून पाहा. मंगलाष्टकांपर्यंत चित्र स्वच्छ असतें, अक्षतांत तें फुटतें.

आतां मुख्य गोष्ट. कारखान्यांतली तबकडी आणि घरीं लिहिलेली तबकडी या एका आकाराच्या, एकाच यंत्रांत चालणाऱ्या, तरी दोघींचा देह अगदीं भिन्न. कारखान्यांत आधीं कांचेवर मूळ नमुना करतात, त्यावरून निकेलचा ठसा घेतात, आणि त्या ठशानें प्लॅस्टिकमध्यें खळगे दाबून वर धातूचा मुलामा देतात. तो ताम्रपट म्हणावा. घरच्या तबकडींत खळगे नसतात. तिच्यांत एका सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेनें तो जागोजागीं बदलतो, आणि वाचणाऱ्या किरणाला ते डाग खळग्यांसारखे भासतात. ती शाईनें लिहिलेली चिठ्ठी म्हणावी. ऊन, उष्णता आणि दमट हवा या तिन्हींनीं हा रंग मंदावतो. मागच्या बाजूस चिकटविलेली कागदी चिठ्ठी तबकडीचा तोल बिघडविते, आणि भलत्या शाईच्या लेखणीनेंही अपाय होऊं शकतो. कोंकणांतल्या किंवा मुंबईच्या कपाटांत पावसाळ्यामागून पावसाळे काढलेल्या तबकडीचें काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. चांगल्या रंगाची, नीट लिहिलेली तबकडी दीर्घकाळ टिकते, आणि हलकी कांहीं वर्षांतच मुकी होते. वरून पाहून दोहोंतला भेद कळत नाहीं. लोकांना मात्र ती विकली गेली कायमची ठेव म्हणून. फीत झिजते, तबकडी झिजत नाहीं, असें तेव्हां सर्रास सांगितलें जाई. त्यावर विश्वासून कितीएकांनीं मूळ फिती टाकून दिल्या. फीत महाग म्हणून तीच पुसून पुढच्या लग्नास वापरण्याची चालही धंद्यांत होतीच. २००१ नंतरच्या दहा-बारा वर्षांतलें आपल्या समाजाचें घरगुती चित्रण पुष्कळ अंशीं या शाईच्या चिठ्ठ्यांवरच उरलें आहे, याचें कारण हें.

हा काळ संपला तोही झपाट्यानें. २००५ सालीं यू-ट्यूब आलें आणि चित्र पाहुण्यांच्या घरीं पोंचविण्यास तबकडीची गरज उरली नाहीं. विंडोजबरोबर २००७ पासून मिळणारें ‘डीव्हीडी मेकर’ २०१२ च्या आवृत्तींतून गळलें. ‘आयडीव्हीडी’ नव्या संगणकांबरोबर देणें ॲपलनें २०११ सालीं बंद केलें, आणि संगणकांतील तबकडीची फटही हळूहळू नाहींशी झाली. ज्या तायो युदेननें घरच्या माणसाच्या हातीं लेखणी दिली, तिनें २०१५ च्या अखेरीस कोऱ्या तबकड्यांचा धंदा आवरला. मोझर बेअर २०१८ सालीं दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें अवसायनांत गेली. सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत लिहितां येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांबरोबरच त्या छोट्या डीव्ही फितींचेंही उत्पादन थांबविलें.

जुन्या मराठी पत्रांचे अभ्यासक मजकुराइतकेंच मायन्याला महत्त्व देतात. कोणी कोणाला कोणत्या मायन्यानें लिहिलें, यावरून माणसांचीं नातीं उलगडतात. घरगुती डीव्हीडीचा मायना म्हणजे तिचें पहिलें पान. कोणते अध्याय पाडले, कोणाचें नांव वर घातलें, आजीला स्वतंत्र बटण मिळालें कीं ती ‘इतर’मध्यें गेली, कोणतें गाणें मागें लावलें, हें सारें त्या पानावर असतें, आणि बहुधा रोमन अक्षरांत, कारण त्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट साधत नसे. आज लोक तबकडी वाचवावयास जातात तेव्हां दुकानदार तिच्यांतून एक सलग चित्रफाइल काढून देतो. चित्र वांचतें, पण हें पान आणि अध्याय जातात. शिवाय दाबलेलें चित्र पुन्हां दाबलें जातें, तेव्हां अक्षतांतलीं ठिगळें आणखी मोठीं होतात.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा तबकड्या असतील, त्यांनीं ‘व्हिडिओ टीएस’ हें सबंध फोल्डर जसेंच्या तसें उतरवून घ्यावें. त्यांतली एकही फाइल निरुपयोगी म्हणून वगळूं नये. एका यंत्रांत तबकडी वाचली गेली नाहीं तर ती मेली असें न समजतां दुसऱ्या यंत्रांत घालून पाहावी, कारण कांहीं यंत्रें मंद रंगही वाचतात. कॅमेऱ्यानेंच लिहिलेल्या लहान, ८ सेंटिमीटरच्या तबकड्या असतील तर त्यांची शेवटची मोहोर करावयाची राहिलेली असूं शकते. तशी तबकडी कोरीच भासते, परंतु आंत चित्र असतें, आणि कॅमेरा अजून चालत असेल तर त्याच्यांतच ती पुरी करून घेतां येते. बाहेरून जोडावयाचें तबकडी-यंत्र बाजारांत अजून मिळतें. धड असलेली एक तबकडी उतरवून घेण्यास दहा-पंधरा मिनिटें लागतात.